हाकेच्या अंतरावरचं पुणं

शाळेत पुणं आपल्याला तुकड्यातुकड्यांनी भेटतं. चौथीच्या इतिहासात लाल महाल आणि शाहिस्तेखानाची छाटलेली बोटं. मग कधीतरी पेशवे, शनिवारवाडा, पानिपत. वरच्या वर्गात फुले आणि मुलींची शाळा, त्याच्या पुढच्या धड्यात टिळक, ‘केसरी’, गणेशोत्सव. प्रत्येक धड्याला वेगळं चित्र, वेगळा स्वाध्याय. हे सगळं एकाच गावात घडलं हे अमरावतीत वाढलेल्या मुलीला पाठ असतं. पण ते एकाच गल्लीबोळात घडलं, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर घडलं, हे कुणी सांगत नाही! ते कळायला पुण्याच्या पेठांमधून पायी फिरावं लागतं. मी फिरले, आणि तेव्हापासून भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटले आहे.

सिव्हिल कोर्टाच्या खोल स्टेशनात मेट्रोत बसलं की गाडी मुठेच्या पात्राखालून जाते आणि थेट कसबा पेठेत वर काढते. 2024 च्या सप्टेंबरात हा भुयारी टप्पा सुरू झाला. सरकत्या जिन्यानं वर यायचं, आणि वर काय, तर पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. लाकडी सज्जे, दगडी जोती, अरुंद बोळ, बोळाच्या तोंडाशी छोटंसं देऊळ, त्याला लागून सायकलचं दुकान, वर दोरीवर वाळणारी धुणी. मला वाटलं होतं जुनं पुणं तिकीट काढून, कुंपणाच्या आत बघायचं असेल. इथं तर लोक त्यात राहतात, भांडी घासतात, मुलांना शाळेत पिटाळतात!

आणि तेवढ्यात आवाज आला. ठण् ठण् ठण् ठण्. एक नव्हे, पाच-सहा हातोड्यांचा, प्रत्येकाची लय वेगळी. मी आवाजाच्या मागं मागं गेले आणि तांबट आळीत पोचले.

तांबट आळीबद्दल किती सांगू! दारातच बैठक मारून कारागीर बसलेले, समोर जमिनीत रोवलेला लोखंडी आधार, त्यावर तांब्याचं भांडं उपडं घातलेलं, एका हातानं ते फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं ठोके द्यायचे. हे त्वष्टा कासार, पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेले. तेव्हापासून हातोडी एका पिढीकडून दुसरीकडे जाते आहे. बंब, घंगाळं, हंडे, तपेली हे त्यांचं जुनं काम. आजीच्या न्हाणीघरातला बंब, ज्याच्या नळीत आम्ही शेणकुटं टाकायचो, तो कुणीतरी असाच बसून ठोकून घडवला असणार हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आता शहरात बंब कोण तापवतो? म्हणून हेच हात आता दिव्यांच्या छत्र्या घडवतात, पाण्याचे जग घडवतात, हॉटेलांसाठी वाडगे घडवतात.

एका कारागिरांनी मला उंबऱ्याशी बसवलं आणि समजावलं. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं, एका हद्दीनंतर ते वळायला नकार देतं, मग तडकतं. त्या आधी ते भट्टीत लाल करायचं, की पुन्हा मऊ. असं ठोकायचं, तापवायचं, पुन्हा ठोकायचं. आकार आला की शेवटी मठारकाम: अंगभर ओळीनं बारीक ठोके. मी आजवर ते नक्षी म्हणून बघत आले होते. ती नक्षी आहेच, पण त्या ठोक्यांनी पातळ पत्रा ताठ होतो, भांड्याला बळ येतं. म्हणजे जे सुंदर दिसतं तेच त्या भांड्याचं हाड आहे! ‘ओळ चुकली तर?’ मी विचारलं. ‘ताई, ओळ डोळ्यांनी नाही धरत,’ ते भांडं फिरवत म्हणाले, ‘कानानं धरतो. ठोका बरोबर बसला की आवाजच सांगतो.’ एवढा कल्लोळ, शेजारी तिघं ठोकताहेत, समोर रिक्षा वाजते आहे, आणि त्यात या माणसाला फक्त स्वतःच्या भांड्याचा आवाज ऐकू येतो. मी तिथून उठायलाच तयार नव्हते.

कसब्यात नुसतं तांबट आळी एके तांबट आळी नाही. कुंभारवाडा आहे, बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणणाऱ्यांची बुरूड आळी आहे, शिंपी आळी आहे. पेठ म्हणजे काय हे मला इथं पहिल्यांदा नीट कळलं. वस्ती वसवायची म्हणजे आधी कारागीर आणि व्यापारी आणायचे, त्यांना जागा द्यायची, सुरुवातीची काही वर्षं करात सूट द्यायची, देखरेखीला शेटे-महाजन नेमायचे. अशी एकेक पेठ जोडत पुणं वाढलं. आठवड्याच्या वारांची नावं तर पुढची. त्या आधी सोमवार पेठ शाहपुरा होती, मंगळवार अष्टापुरा, शनिवार मुर्तजाबाद, शुक्रवार विसापूर, आणि गुरुवार पेठेला तर चक्क वेताळ पेठ म्हणत! मग सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव, नारायणरावांची नारायण, नाना फडणविसांची नाना, सरदार रास्त्यांची रास्ता पेठ. पत्ता लिहिताना पुणेकर रोज पेशव्यांच्या दरबारातली माणसं लिहितो.

कसबा गणपतीला नमस्कार केला. जिजाऊंनी ज्याचं देऊळ उभारलं असं परंपरा सांगते तो हा पुण्याचा ग्रामदेव, विसर्जनाच्या मिरवणुकीत मानाचा पहिला. तिथून लाल महाल जवळच. आजची इमारत नव्यानं बांधलेली आहे, मूळ वाडा केव्हाच गेला. तरी 5 एप्रिल 1663 च्या रात्री शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती खिडकी इथंच कुठंतरी होती या विचारानं अंगावर काटा आला. आणि लाल महालातून निघून सरळ चालू लागलं की शनिवारवाडा येतो! शिवाजी महाराजांचं बालपण आणि बाजीरावाचा वाडा यांच्यात माझ्या पुस्तकात कितीतरी पानं होती. पायी दोन-तीन मिनिटं लागतात.

शनिवारवाड्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलं आहे, म्हणून मी थोडक्यात आवरते. 1730 च्या जानेवारीत पाया घातला, 1732 च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, 1828 च्या आगीत आतला महाल जळाला. उरले तट, बुरूज, दगडी जोती आणि दिल्ली दरवाजाचे हत्तींना अडवणारे खिळे. मला तिथं सगळ्यात जास्त आवडलं ते वाड्यासमोरचं पटांगण, कारण त्याच्या एका कडेला बटाट्या मारुती आहे. वाड्यासमोर पूर्वी भाजीबाजार भरायचा, त्या बाजारातला हा मारुती. बाजार उठून गेला, नाव तिथंच राहिलं.

आणि इथून मला पुण्याच्या देवांचं वेडच लागलं! जिलब्या मारुती. पत्र्या मारुती. डुल्या मारुती. सोन्या मारुती. भिकारदास मारुती. चिमण्या गणपती, गुंडाचा गणपती, मोदी गणपती. पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, निवडुंग्या विठोबा. दाढीवाला दत्त. आणि सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर, पेशवाईच्या उत्तरार्धातला, ज्याच्या प्रतिष्ठेच्या वेळी हाणामारी होऊन माणसं मेली आणि नाव कायमचं चिकटलं. आत जाऊन बघाल तर इतकी देखणी, शांत, पांढरीशुभ्र मूर्ती, आणि नाव हे. गावानं देवाला देवळात बसवून दूर ठेवलेलं नाही. त्याला गल्लीतल्या माणसासारखं टोपणनाव दिलं आहे, आणि टोपणनाव फक्त घरच्यालाच मिळतं.

आता बुधवार पेठ. इथं माझ्या शाळेच्या पुस्तकाची पानं खरोखर एकमेकांवर पडली.

दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर रस्त्यावर ही गर्दी, हार, पेढे, नारळ, मोबाईल उंचावलेले हात. त्या गर्दीत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळून पाहिलं. तिथं भिडे वाडा होता. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो तात्यासाहेब भिड्यांचा वाडा. मोडकळीला आलेली ती जुनी इमारत 2023 च्या डिसेंबरात उतरवली, त्या जागेवर राष्ट्रीय स्मारक ठरलं आहे. मी त्या जागेकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिले. आडबाजूला नाही, गावाबाहेर नाही, भर बुधवार पेठेत, जिथं सगळ्या गावाची नजर पडते अशा जागी त्यांनी शाळा काढली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेण फेकायचे, त्या बरोबर दुसरं लुगडं न्यायच्या, हे वाचलं होतं. वाचताना डोळ्यांसमोर मोठा रस्ता होता. इथले बोळ बघितले आणि कळलं, इतक्या अरुंद वाटेत शेण फेकणारा माणूस हातभर अंतरावर असणार. त्याचा चेहरा त्यांना दिसत असणार. बहुधा त्याचं नावही माहीत असणार. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारावरून जायचं. हे धाडस नकाशात कळत नाही हो, तिथं उभं राहिल्यावर कळतं.

त्याच 1848 साली, त्याच बुधवार पेठेच्या परिसरात, लोकहितवादींच्या पुढाकारानं ग्रंथालय सुरू झालं. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच, लक्ष्मी रस्त्यावर आजही चालू आहे. एका वर्षात, चालत जाण्याच्या अंतरात, मुलींची शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालय! त्या वर्षी या बोळांच्या हवेत काय होतं कोण जाणे.

तिथून फरासखान्याच्या बाजूला गेलं की एक छोटा हौद आहे. बाहुलीचा हौद. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो आपल्या मुलीच्या, काशीबाईच्या आठवणीत बांधला. बाहुली हे तिचं लाडकं नाव. घोले फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. मुलीला शिकवू नका म्हणून नातलगांचा दबाव होता, तरी त्यांनी तिला शिकवलं. तिला लाडवातून काच खायला घालून मारलं असं पुण्यात सांगितलं जातं. आठ वर्षांची पोर. आणि बापानं काय केलं, तर 1880 साली भर वस्तीत पाण्याचा हौद बांधला आणि तो सगळ्या जातींच्या लोकांना खुला केला. मी हे तिथल्या एका फुलवाल्या मावशींकडून ऐकत होते आणि माझा घसा दाटून आला होता. मावशींनी मला फूल दिलं, म्हणाल्या, ‘ठेव गं तिच्यापाशी.’ मी ठेवलं.

हौद खुला करणं म्हणजे काय हे समजायला पुण्याचं पाणी समजायला हवं, आणि ती गोष्ट तर मला कुणी आधी सांगितलीच नव्हती! नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी-विटांचा नळ थेट शहरात आणला. पंप नाही, यंत्र नाही, नुसत्या उतारावर पाणी वाहायचं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा निघून जावी आणि गाळ खाली बसावा. ते पाणी पेठापेठांमधल्या हौदांत यायचं: काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठ हौद, तुळशीबागेतला हौद. आपण ज्या रस्त्यावरून चालतो त्याच्या खाली तो नळ आहे! मी त्यानंतर चालताना सारखी पायांखाली बघत होते. पण पाणी शहरभर आलं म्हणून सगळ्यांपर्यंत पोचलं नाही. कुठल्या हौदावर कुणी घागर बुडवायची हे जात ठरवायची. म्हणून बाहुलीच्या हौदावरचं ते ‘सर्वांसाठी’ इतकं मोठं आहे.

याच बुधवार पेठेत तांबडी जोगेश्वरी आहे, तपकीर गल्लीतली विजेच्या सामानाची शेकडो दुकानं आहेत, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आहेत आणि मागच्या गल्ल्यांमध्ये देहविक्रयावर जगणाऱ्या बायकांची वस्तीही आहे. देवी, वायर, गाईड-पुस्तकं आणि त्या बायकांचं खडतर आयुष्य, सगळं एका पेठेत. कुणी कुणाला लपवलेलं नाही.

मग तुळशीबाग! नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी 1761 मध्ये सुरू केलेलं राममंदिर आत, उंच शिखराचं, आणि त्याच्या भोवती बायकांचं राज्य. बांगड्या, देवाची वस्त्रं, समया, रांगोळीचे छाप, आणि पितळेची भातुकली. बोटभर उंचीचा बंब, नखाएवढी पळी, दोन बोटांत मावणारा पाटा-वरवंटा. सकाळी तांबट आळीत जे घडताना पाहिलं त्याची पोरं इथं ओळीनं मांडलेली. मी चूल, तवा आणि पोळपाट घेतला. घरात भातुकली खेळायच्या वयाचं कुणी नाही, तरी घेतला.

तुळशीबागेच्या मागं मंडई, आणि मंडईत मी पुन्हा जागच्या जागी थांबले. शनिवारवाड्यासमोरचा बाजार इथं आला तो 1886 मध्ये, या भव्य दगडी इमारतीत. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं, रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून निघालेले लांब दालनांचे हात, वर उतरती छपरं आणि खाली उंच ओट्यांवर बसलेले भाजीवाले. मी कधीही कुठल्याही बाजारात भाजीवाल्यांना इतक्या वर, इतक्या ऐटीत बसलेलं पाहिलेलं नाही! ते आपल्याकडे वरून बघतात, आपण मान वर करून भाव विचारतो. जोतीराव फुले तेव्हाच्या नगरपालिकेचे सभासद होते आणि त्यांनी या इमारतीवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. आणि आज तिचं नाव काय? महात्मा फुले मंडई! आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं हे नाव आलं. आधी मला ते विसंगत वाटलं. मग आत फिरले. माळी, बागवान, कुणबी बायका, जुन्नर-पुरंदरकडून आलेला माल, पहाटेपासून राबणारे हमाल. ज्याच्यासाठी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्या शेतकऱ्याचा माल जिथं विकला जातो तिथं त्यांचं नाव नसेल तर कुठं असेल?

खाण्याचं थोडक्यात, कारण त्यावर पुणेकर मला लिहूच देणार नाहीत. नारायण पेठेतली मिसळ खाल्ली, रस्सा आंबटगोड आणि तरी डोळ्यांत पाणी आणणारा. मस्तानी प्यायले, जी प्यायची की खायची हे ठरवायच्या आत संपली. कॅम्पात जाऊन कयानी बेकरीचे श्रुसबेरी आणले, रांगेत शेजारच्या काकांनी मला त्या रांगेचे नियम समजावून सांगितले. कॅम्प स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आज नाही.

दुसऱ्या दिशेला, नागझरीच्या काठाला सोमवार पेठेत एक देऊळ आहे आणि ते पाहिल्याशिवाय पुण्यातून परत जाऊ नका. त्रिशुंड गणपती. बाहेरून बघताना घरांच्या गर्दीत दिसतही नाही, आणि एकदम समोर काळ्या पाषाणाची ती दर्शनी भिंत येते. भीमगिरजी गोसाव्यांनी 1754 मध्ये काम सुरू केलं, 1770 मध्ये मूर्ती बसली. तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. आत संस्कृतच्या बरोबरीनं फारसी शिलालेख. आणि भिंतीवर, खरं सांगते, गेंडा! पुण्यात, अठराव्या शतकात, दगडात कोरलेला गेंडा, आणि त्याला साखळदंड घालणारा टोपीवाला इंग्रज शिपाई. बांधकाम चालू असतानाच 1757 मध्ये प्लासीची लढाई झाली. बंगाल इंग्रजांच्या हाती जात असल्याची ती खूण असावी असं अभ्यासक म्हणतात. विचार करा, पेशवाई ऐन भरात आहे, दिल्लीपर्यंत दबदबा आहे, आणि सोमवार पेठेतला एक पाथरवट देवळाच्या भिंतीवर पुढच्या शतकाची बातमी कोरतो आहे! मी तो गेंडा हातानं चाचपून पाहिला.

याच बाजूला रास्ता पेठेत इस्रायल आळी आहे. घरी मराठी बोलणाऱ्या, कोकणातून आलेल्या बेने इस्रायल कुटुंबांची, आणि त्यांचं सक्कथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च आहे, ज्याला 1792 मध्ये सवाई माधवरावांनी जागा दिली, कारण पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते. ज्या पेशवाईला मी एकाच रंगात पाहत आले होते तिचं हे दानही पुण्यात उभं आहे.

आणि आता शेवटचा भाग, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं.

गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं चर्च आहे, होली नेम, 1885 चं. त्याचा घंटांचा उंच मनोरा त्या भागात सगळीकडून दिसतो. 1890 च्या ऑक्टोबरात इथं एक सभा झाली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी पुण्यातल्या बड्या मंडळींना इथं आणलं. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. मग गोपाळरावांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात वणवा पेटला! पंचहौद चहा प्रकरण. ग्रामण्य, बहिष्काराची भाषा, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, आणि रानड्यांसारख्या सुधारकालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी!

मी मनोऱ्याखालून निघाले आणि विचारत विचारत गंज पेठेत गेले. आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. अंतर इतकं थोडं की मनोरा मागं वळून शोधला. फुले वाडा. साधा, बुटका, कौलारू, अंगणात झाडं. आणि तिथं मला तारीख आठवली. जोतीराव गेले 28 नोव्हेंबर 1890 रोजी. म्हणजे तिकडं मिशनमध्ये कपाला हात लावावा की लावू नये या पेचात बडी मंडळी बसली होती, तेव्हा इथं, या वाड्यात, अर्धांगानं उजवा हात गेलेले जोतीराव शेवटचे दिवस मोजत होते. उजवा हात गेला तर डाव्या हातानं लिहायला शिकून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केलं. ते छापून आलं त्यांच्यामागं, 1891 मध्ये. आणि पाण्याचं काय? त्यांच्या अंगणातला हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना 1868 मध्येच खुला केला होता. चहाच्या बावीस वर्षं आधी! कप कुणाचा, पाणी कुणाचं या वादाचं उत्तर त्या भागातच, एका अंगणात, कधीचं देऊन ठेवलेलं होतं.

तरी ही माणसं एकमेकांचे नुसते विरोधक नव्हती. ‘केसरी’च्या सुरुवातीच्या काळात कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरच्या लिखाणासाठी टिळक-आगरकरांवर खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनाची व्यवस्था जोतीरावांनी केली, आणि 1882 मध्ये दोघं डोंगरीच्या तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांच्या स्वागतात सत्यशोधक होते. मी नारायण पेठेतला केसरी वाडा पाहिला, टिळकांनी 1905 मध्ये घेतलेला गायकवाड वाडा, तेव्हा हे माहीत नव्हतं. फुले वाड्यातून निघाल्यावर मी पुन्हा तिथं गेले, याच एका गोष्टीसाठी. भांडणारी माणसं अशी शेजारी राहतात तेव्हा वाद पत्रकांत चालतो आणि अडचणीला दारही तेच ठोठावलं जातं. आज आपण त्यांची नावं वेगवेगळ्या फलकांवर लिहून एकमेकांवर उगारतो. त्यांनी एकाच बाजारात भाजी घेतली, हो!

वाचणाऱ्यांनी पुण्यात गेल्यावर गाडी लांब कुठंतरी लावावी, किंवा मेट्रोनं मंडईला उतरावं, आणि सकाळी लवकर चालायला लागावं. एका दिवसात सगळं करायचा हट्ट नको. राजा केळकर संग्रहालयालाच अर्धा दिवस द्या. शुक्रवार पेठेतल्या त्या वाड्यात दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या राजाच्या नावानं अडकित्ते, दिवे, वज्री, झरोके असा हजारो वस्तूंचा संसार जमवून ठेवला आहे. रविवार किंवा बुधवार असेल तर जुना बाजार बघा. आणि कुणालाही रस्ता विचारा. मला तरी पुण्यात ज्यांनी ज्यांनी रस्ता सांगितला त्यांनी त्याबरोबर त्या रस्त्याची गोष्टही सांगितली.

माझं अजून कितीतरी बाकी आहे. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला उतरते आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दोन्ही मुक्काम इतके जवळ की वारकरी एकीकडून दुसरीकडे दर्शनाला पायी जातात, आणि त्या दिवसांत पेठांमधली दारं उघडी असतात, ओट्याओट्यावर चहा-पोहे असतात. फुलवाल्या मावशी म्हणाल्या, ‘त्या वेळी ये, आमच्याकडेच उतर.’ येत्या आषाढाचं तिकीट मी काढलं आहे.